काचेची आतली बाजू

चालत्या बग्गीत तोंडात माशी गेली की थुंकायचं नसतं. थुंकलेलं वाऱ्याबरोबर फिरून आपल्याच गालावर येऊन बसतं. गिळायचंही नसतं, कारण ती माशी क्षणापूर्वी कशावर बसली होती ते आपण स्वतः पाहिलेलं असतं. तिला जिभेने गालाच्या कोपऱ्यात दाबून धरायचं आणि गाडी थांबेपर्यंत नाकाने श्वास घ्यायचा. हे मला आमच्या ड्रायव्हर काकांनी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं. त्या दिवशी घरी जाऊन मी अर्धा तास चुळा भरत होते.

मी कचरा डेपोवर गॅस मोजते. साऱ्या शहराने टाकलेलं, नासलेलं, सडलेलं आमच्याकडे येतं. त्याचा ढीग होतो, ढिगावर माती पडते, मातीवर पुन्हा ढीग. आत ते कुजतं आणि गॅस तयार होतो. तो साठून पेट घेऊ नये म्हणून ढिगात बेचाळीस नळ्या पुरल्या आहेत. रोज एकेका नळीपाशी जायचं, मीटर लावायचा, आकडा लिहायचा. लोक विचारतात, आता सवय झाली असेल ना? नऊ वर्षं झाली, नाही झाली. काही जणांना होते. मी त्यांच्यातली नाही.

घरी थोरली बहीण दार उघडते तेच दोन बोटांनी. "सरळ मोरीत," एवढंच म्हणते. माझी बादली वेगळी, टॉवेलचा खिळा वेगळा, चपला दाराबाहेर. ताईचा मला राग येत नाही. तिच्या जागी मी असते तर मला अंगणातच नळी लावून धुतलं असतं. लहानपणी आई म्हणायची, ही पोर नाकाने कांदे सोलते. तशा पोरीला नशिबाने नेमकं कचऱ्याच्या ढिगावर आणून बसवलं, यापुढे नशिबाच्या विनोदबुद्धीबद्दल मी काही बोलत नाही.

ढिगावर फिरायला आम्हाला एक गाडी होती. कागदोपत्री तिचं नाव साइड-बाय-साइड, आम्ही बग्गी म्हणायचो. शेजारी शेजारी दोन सीटा, वर लोखंडी नळ्यांचा पिंजरा, चार जाडजूड चाकं. दारं नाहीत आणि समोर काचही नाही. चिखल, राडा, खड्डे, कुठेही घाला, मुकाट्याने चढायची. पण जे काही वाटेत असेल ते बसणाऱ्याच्या अंगावर यायचं. ढिगातून पाझरलेलं काळं पाणी वाटेवर साचतं. त्यात चाक गेलं की जे उडतं त्याचा एक थेंब एकदा माझ्या ओठावर पडला होता. त्या थेंबाची चव मला अजून आठवते, आणि आठवली की अंगावर काटा येतो.

बग्गी काका चालवायचे. चोवीस वर्षं डेपोवर, निवृत्तीला दोन वर्षं बाकी. बारीक अंगाचे, बोलणं कमी, आणि माझ्या मते त्यांना किळस नावाची गोष्ट देवाने दिलीच नव्हती. ढिगात कुणी फेकून दिलेलं चावीचं गजराचं घड्याळ दिसलं की ते गाडी थांबवत, खाली उतरून हाताने उचलत, शर्टाला पुसत आणि खिशात टाकत. घरी नेऊन धुवायचे, उघडायचे, चिमट्याने एकेक चाक जागेवर बसवून चालू करायचे. मलाही एक दिलं होतं. मी ते दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून गॅलरीत ठेवलं. आतून त्याची टिकटिक ऐकू यायची, तरी मी पिशवी सोडली नाही.

डेपोवर गाडी चालवायची एक रीत आहे. जाताना वारा पाठीवर घ्यायचा, म्हणजे वास आपल्यापुढे पळतो, नाकात येत नाही. वारा कुठला आहे हे कळायला काकांनी पिंजऱ्याच्या मागच्या नळीला लाल फीत बांधली होती. इतर ठिकाणी लोक बोट ओलं करून वारा बघतात. आमच्याकडे बोट तोंडात घालायची हिंमत कुणाची? फीत बघायची, त्याप्रमाणे पहिल्या नळीपासून जायचं की बेचाळिसाव्या, हे ठरवायचं. सगळ्या नळ्या झाल्या की ढिगाच्या पायथ्याच्या रस्त्याने वेगात परत. तेव्हा मात्र वारा तोंडावर, माशा तोंडावर, सगळंच तोंडावर.

अशाच एका परतीच्या वाटेवर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून काहीतरी उडालं. काकांनी गाडी शांतपणे कडेला घेतली, हॅन्डब्रेक ओढला आणि मग म्हणाले, "मॅडम, जरा बघता का, डोळ्यात काय गेलंय."

डावा डोळा गच्च मिटला होता आणि त्यातून पाण्याबरोबर रक्त येत होतं. पापणी वर करून बघायला हवी होती. मी पर्समधून टिशू काढला आणि हात लांब करून त्यांच्या पुढ्यात धरला. "तुम्हीच लावा काका," मी म्हटलं. डोळ्यात फुटलेल्या बल्बची काच गेली होती. डावा डोळा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, उजवा जपा. डेपोच्या आत गाडी चालवायला एक डोळा चालतो, पण तो शाबूत हवा.

काका महिन्याभराने कामावर आले तेव्हा त्यांना जाड कडांचा गॉगल मिळाला होता. तो घातला की घामाने आतून धुकं धरायचा, खड्डा दिसायचा नाही. मग काढायचा, पुसायचा, पुन्हा घालायचा. मी साहेबांकडे तक्रार केली, गाडीला समोरची काच पाहिजे. काकांच्या डोळ्यासाठी पाहिजे असं मी लिहिलं आणि ते खरंच होतं. पण खरं सांगायचं तर अर्ज लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे तो ओठावरचा थेंब होता.

आमच्या साहेबांना निर्णय घेणं जमत नाही, सही करणं जमतं. त्यांनी एका काचवाल्याला नमुने घेऊन बोलावलं आणि मला म्हणाले, "बसायचं तुम्हाला आहे, तुम्हीच ठरवा." साहेबांच्या केबिनच्या खिडक्या बारा महिने बंद असतात आणि आत कसल्यातरी फुलांचा फवारा मारलेला असतो. कुजका वास आणि त्यावर फुलांचा वास, दोन्ही मिळून जे होतं त्याला नाव नाही. मला तो ढिगापेक्षा किळसवाणा वाटतो. ढीग निदान स्वतःबद्दल खोटं बोलत नाही.

काचवाल्याने इस्त्रीची पॅंट सावरत तीन नमुने भिंतीला टेकवून ठेवले. खुर्चीवर बसण्यापूर्वी त्याने रुमाल अंथरला. काका दाराबाहेर उभे. त्यांचे बूट आत नकोत म्हणून साहेबांनी उंबऱ्याशी वर्तमानपत्र टाकायला लावलं होतं, त्यावर ते उभे होते. माझे बूटही तेवढेच घाण होते, पण मी खुर्चीत बसले होते.

"खरी काच घेऊ नका," काचवाला म्हणाला. "जड असते, आणि खड्ड्यांत पिंजरा वाकतो तशी ती वाकत नाही, तडकते. ही पॉलिकार्बोनेटची, म्हणजे न फुटणाऱ्या प्लॅस्टिकची घ्या. हातोडा मारून बघा." त्याने खरंच पिशवीतून छोटा हातोडा काढला आणि साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तीन वेळा मारला आणि तीनही वेळा खूश झाले. नोकरीत एवढं आनंदाचं काम त्यांनी बहुधा कधी केलं नव्हतं.

"आता यात तीन प्रकार," काचवाला म्हणाला. "ही अर्धी. छातीपर्यंत येते, वरून वारा जातो. ही पूर्ण, पिंजऱ्याच्या वरच्या नळीपर्यंत, सहा क्लॅंपवर घट्ट बसते. आणि ही उघडणारी. पूर्णच आहे, पण मध्ये बिजागऱ्या आहेत. या चार खिट्या काढल्या की वरचा भाग उचलता येतो. पाहिजे तेव्हा बंद, पाहिजे तेव्हा उघडी."

"अर्धी नको," मी लगेच म्हटलं. अर्धीच्या वर माझं तोंड येत होतं.

तेव्हा दारातून काका बोलले. "साहेब, उघडणारी बघा. जाताना आपला वारा मागून असतो. पुढून सगळं बंद केलं तर मागून आलेलं जाणार कुठे? काचेवर आपटून आपल्याच तोंडावर येईल. पूर्वी मी ट्रॅक्टर चालवायचो, त्याला पुढून पत्रा लावला होता. त्यात पाहिलंय मी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या चार खिट्या पाहत होते. रोज जाताना त्या उघडायच्या, येताना लावायच्या. त्यांच्यावर काळं पाणी वाळलेलं असणार, फटीत माशा चिरडलेल्या असणार, काहीतरी चिकट लागणार. काका एका बाजूच्या दोन काढतील, दुसऱ्या बाजूच्या दोन माझ्याकडे. हातमोज्याच्या आतसुद्धा मला ते बोटांना जाणवायला लागलं.

"काका, दिवसातून दोनदा कोण त्या खिट्यांशी झटापट करणार?" मी म्हटलं. "बिजागरीत घाण अडकली की चार दिवसांत जाम होईल. पूर्णच बरी."

"बिजागरी मी धुईन रोज."

"पूर्णच घ्या साहेब," मी म्हटलं. "आणि जे काही येतं ते पुढूनच येतं. काकांच्या डोळ्यात गेलं तेही पुढूनच गेलं होतं."

हा मुद्दा बिनतोड होता. साहेबांनी मान डोलावली, काचवाल्याने डोलावली. काका वर्तमानपत्राच्या कडेला लागलेला चिखल बुटाने आत सरकवत म्हणाले, "मॅडम म्हणतात तर पूर्ण घ्या."

काच आली आणि मला स्वर्ग दोन बोटं उरला. पहिल्याच दिवशी परतीच्या वाटेवर डबक्यात चाक गेलं, काळं पाणी फस्सकन उडालं आणि माझ्या नाकासमोर काचेवर आपटून खाली ओघळलं. मी मोठ्याने हसले. माशा काचेवर टपटप आपटत होत्या आणि मी त्यांना म्हणत होते, या, या. नऊ वर्षांत मी डेपोवर कधी डबा उघडला नव्हता. सकाळी खाऊन निघायचं ते संध्याकाळी अंघोळ झाल्यावरच. त्या दुपारी फाटकाशी गाडी उभी असताना मी काचेमागे बसून चक्क डबा खाल्ला. काका माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "बरं वाटलं बघून."

मीच त्यांना म्हटलं, "आता तो गॉगल कशाला? काच आहे ना." त्या धुकट गॉगलला तेही कंटाळले होते. तो सीटखाली गेला.

आता मी काय काय पाहिलं ते सांगते, कारण पाहिलं सगळंच होतं. पूर्वी परतीच्या वाटेवर लाल फीत मागे ताठ उडायची. काच लागल्यापासून ती काकांच्या डोक्याभोवती गरगर फिरायला लागली. मला गंमत वाटली. मी म्हटलं, "काका, फीत तुमच्या प्रेमात पडली." जाताना मागून पाचोळ्यासारखे प्लॅस्टिकचे तुकडे, धूळ, राख आत यायची, पण नळ्या मोजून होईपर्यंत माझ्या तोंडावर गॅसचा मास्क होता, डोळ्यांवर मोठा चष्मा होता आणि मान आकड्यांच्या वहीत होती. समोर बघायचं काम काकांचं होतं.

आणि ते रोज संध्याकाळी काच धुवायचे. काचवाल्याने सांगितलं होतं, कोरड्या फडक्याने पुसू नका, चरे पडतात, पेट्रोल लावू नका, पांढुरकी होते. काका आधी पाण्याची धार सोडायचे, मग साबणाचं पाणी, मग मऊ फडकं. बाहेरून दोन मिनिटं. आतून मात्र पिंजऱ्यात वाकून दहा-दहा मिनिटं. मी धुण्याच्या नळापाशी हात धूत उभी असायचे आणि म्हणायचे, "काका, आतून एवढं काय घासता, आत कोण आलंय?" ते म्हणायचे, "तुमच्या बाजूला डाग नको राहायला." सकाळी मला लख्ख काच मिळायची. ती तशीच असते असं मी धरून चालले होते.

दीड महिन्याने त्यांचा उजवा डोळा लाल झाला. पहिल्या दिवशी नुसता लाल. दुसऱ्या दिवशी त्यातून पाणी, आणि ते सारखं बाहीने पुसत होते. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात पिवळं काहीतरी दाटलं होतं, पापण्यांना चिकटलं होतं. मी एकदाच पाहिलं. मी मान वळवली. त्या दिवशी मी सीटवर जरा बाहेरच्या बाजूला सरकून बसले, आपल्याला लागू नये म्हणून. चौथ्या दिवशीही तशीच बसले. काकांशी बोलताना मी त्यांच्या खांद्याकडे बघून बोलत होते. "डॉक्टरकडे जाऊन या," असं मी म्हटलं, ते खांद्याला म्हटलं. ते म्हणाले, "रविवारी जातो. धूळ गेलीय जराशी."

त्याच दिवशी एकोणिसाव्या नळीपाशी त्यांनी गाडी थांबवली आणि स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मग विचारलं, "मॅडम, आपण नळीपाशी आलो का?"

नळी बॉनेटपासून हातभर अंतरावर होती. तिला पिवळा रंग दिलेला आहे, तो अर्ध्या मैलावरून दिसतो.

मी बग्गी चालवत खाली आणली. मला धड चालवता येत नाही. काकांना हाताला धरून ट्रकमध्ये बसवलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. कचऱ्यातली धूळ जाऊन बुबुळावर जखम झाली होती आणि ती चिघळली होती. त्यांनी मला बाहेर बोलावून विचारलं, "किती दिवस झाले?"

"चार."

"तुम्ही यांच्या कोण?"

"शेजारी बसते. गाडीत."

"रोज?"

"रोज."

"मग एवढा डोळा दिसला नाही तुम्हाला?"

त्यांनी रागाने विचारलं नव्हतं. दिसला होता, घाण वाटली म्हणून बघितला नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार होते?

साहेबांनी वर पाठवायचा कागद तयार केला. गाडीला दर्जेदार समोरची काच बसवलेली असून सुरक्षेची पूर्ण काळजी घेतलेली होती, सबब डोळ्याचा विकार कामाशी संबंधित नाही. त्यावर माझी सही हवी होती, काच निवडणारी म्हणून. केबिनमध्ये फुलांचा फवारा नुकताच मारलेला होता. मी म्हटलं, बघून सांगते, आणि बाहेर येऊन दाराजवळच्या पाण्याच्या ड्रमशेजारी ओकले.

दुसऱ्या दिवशी बग्गीवर दुसऱ्या पाळीचा ड्रायव्हर आला. चांगला माणूस, पण पाळी संपली की किल्ली टेकवून जाणारा. त्याने काच धुतली नाही. दोन दिवसांनी सकाळी मी नेहमीप्रमाणे सीटवर बसले आणि समोरचं काही दिसेना. मला वाटलं बाहेरून राड आली असेल. खाली उतरून बाहेरून बोट फिरवलं. थोडी धूळ, दोन-चार माशा, बाकी काच साफ होती.

मग आतून बोट फिरवलं. बोट रुतलं. आतून तपकिरी, तेलकट थर चढला होता. त्यात राख होती, केस होते, कापसासारखं काहीतरी होतं, प्लॅस्टिकचे बारीक तुकडे होते. ड्रायव्हरच्या बाजूला थर जाड होता, माझ्या बाजूला पातळ. दोन दिवसांचा थर. काकांनी तो दीड महिना रोज संध्याकाळी वाकून काढला होता, म्हणजे मला दुपारी डबा खाता यावा. आणि जे काचेला लागत होतं ते वाटेत आधी त्यांच्या तोंडावरून जात होतं.

मला आयुष्यात खूप गोष्टींची शिसारी आली आहे. त्यांची यादी ताईला पाठ आहे. त्या सकाळी स्वतःची आली तशी कशाचीच आली नव्हती.

हातमोजे सीटवर होते, ते घालायचंही सुचलं नाही. पान्याने सहाही क्लॅंप सोडवले, घाण नखांत गेली, मनगटावर आली, आणि ती सहा क्लॅंपांची पूर्ण काच उचलून मी साहेबांच्या केबिनमध्ये नेली. आतली बाजू वर करून त्यांच्या टेबलावर ठेवली, त्यांच्या कागदावरच. साहेब खुर्चीसकट मागे सरकले.

"ही आतली बाजू आहे," मी म्हटलं. "काकांनी उघडणारी मागितली होती. तुम्ही ऐकलं होतं, मी ऐकलं होतं. मी नको म्हटलं. असं लिहा, मी सही करते."

साहेबांनी रुमालाने नाक धरलं आणि ते आधी बाहेर न्या म्हणाले. मी नेलं नाही. कागद नवा लिहून झाला, मी सही केली, त्यांनी केली, तोवर ती तिथेच होती. काकांना त्यामुळे कामावर झालेली इजा म्हणून निवृत्तिवेतन मिळेल असं म्हणतात. डोळा मिळणार नाही.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, स्वच्छ पुसलेल्या, माझ्या घरापेक्षा स्वच्छ. काकू स्वयंपाकघरात होत्या, त्यांचे हात कापतात. बाहेरच्या खोलीत फळीवर ओळीने घड्याळं, सगळी ढिगातली, सगळी लख्ख. काका पलंगावर पाठ ताठ करून बसले होते. मी आल्याचं त्यांना बुटांच्या आवाजावरून कळलं.

"मॅडम, जरा बघता का," ते म्हणाले, "यातलं एक बंद पडलंय. आवाज कमी झालाय. पण कुठलं ते हाताला कळेना."

डोळ्यात दर तासाला थेंब घालायचा होता. काकूंनी एकेका घड्याळाला एकेका तासाचा गजर लावून दिला होता. बंद पडलेल्याचा तीनचा गजर वाजला नाही, म्हणून तीनचा थेंब राहून गेला होता. मी प्रत्येक घड्याळ कानाला लावलं. यापूर्वी त्यांतल्या एकालाही मी हात लावला नव्हता. पाचवं गप्प होतं. मी चावी दिली आणि ते चालू झालं.

"काच कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"काढली. घाण आतून होती, काका."

"हो. ती आतूनच यायची."

"मग बोलला का नाहीत? मी नको म्हटलं त्या दिवशी नाही बोललात, ठीक. पण नंतर?"

"बोलणार होतो," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी बोलणार होतो. तर तुम्ही डबा काढून बसलात. नऊ वर्षं तुम्ही उपाशी बसायचात माझ्या शेजारी, आणि मी आपला खायचो. म्हटलं, जेवू द्यावं बाईला. धुऊन टाकू आपण."

चारचा गजर वाजला. काकू थेंबांची बाटली घेऊन दारात आल्या, पण त्यांचा हात बाटलीसकट हलत होता. मी उठून ती घेतली. मोरीत जाऊन हात धुतले आणि काकांच्या पुढ्यात बसले. पट्टी सोडली. डोळा दुधासारखा पांढरा झाला होता, आणि पापण्या पिवळ्याने चिकटलेल्या. पाणी गालावर येऊन थांबलं होतं.

मला किळस आली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. आली, नेहमीसारखी, पोटापासून आली. मी मान वळवली नाही. ओल्या कापसाने पापण्या सोडवल्या, बोटाने वरची पापणी उचलून धरली आणि थेंब टाकला.

"पुन्हा येतंय पाणी," काका म्हणाले.

मी पुन्हा पुसलं.